गोजराचं साल

पौष वद्य ३, शके १८५७. जालना, मिशनचा दवाखाना

टाके ओले आहेत, हसू नका म्हणून डॉक्टरणीनं बजावलंय, आणि गोजरा उशाशी बसून त्याच डॉक्टरणीच्या चालण्याची नक्कल करते आहे. शेवटी तिला पाणी आणायला पिटाळलं आणि ही वही उघडली. वही तुळजाबाईंनी दिली. तुळजाबाई इथल्या नर्स. नाव आपल्या देवीचं आणि गळ्यात क्रूस. मी विचारलं, हे कसं काय? तर म्हणाल्या, "नाव आईनं ठेवलंय, तिला कशाला दुखवू?" पडून पडून डोकं फिरेल, काहीतरी लिहीत जा, असंही त्यांनीच सांगितलं. वडिलांनी भावासाठी पंतोजी ठेवले होते तेव्हा मी दाराआड बसून अक्षरं गिरवली होती. ती अजून आहेत म्हणायची.

पोटातली गाठ काढली. तिच्याबरोबर मूल व्हायची आशाही गेली. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे पुन्हा लिहायला नको.

भरती करताना तुळजाबाईंनी नाव विचारलं आणि मला काही सुचेचना. गोजरानंच सांगितलं, "पाटलीणबाई लिव्हा." त्या म्हणाल्या, हे काय नाव झालं? मग मी उषाबाई सांगितलं. उषा हे माझं लग्नातलं नाव, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. त्या नावानं चोवीस वर्षांत मला एकदाही कुणी हाक मारलेली नाही. हे "ऐकलं का" म्हणतात, पुतणे काकी म्हणतात, गडीमाणसं पाटलीणबाई. माहेरचं नाव तर तीर्थपुरीलाच राहिलं. आई-वडील गेले, भाऊही गेला, आता तिथंही ते कुणी घेत नाही.

गोजरा माझ्या आंदणातली. लग्नात वडिलांनी तांब्याचा हंडा, दोन गाई आणि गोजरा दिली. मी अकरा वर्षांची, ती दहाची. तिचे आई-बाप प्लेगात गेले होते, वडिलांनी तिला ठेवून घेतलं होतं. हंडा चेपला, गाई म्हाताऱ्या होऊन गेल्या, गोजरा मात्र आहे. इथंही खाली फरशीवर माझ्या खाटेला पाठ लावून झोपते. तिच्यावाचून माझं पान हलत नाही.

पौष वद्य ५

संध्याकाळी तुळजाबाई वॉर्डात गोष्ट वाचतात. ऐकायची सक्ती नाही, पण खाटेवरून उठून जाणार कुठं? मिसर देशाची गोष्ट आहे. तिथं इस्राएल नावाचे लोक पिढ्यानपिढ्या गुलाम. विटा थापायच्या, मार खायचा. राजा फारो म्हणाला, यांचे मुलगे जन्मले की नदीत टाका. एका आईनं आपलं पोर लव्हाळ्याच्या टोपलीत घालून नदीत सोडलं, आणि राजाच्याच लेकीनं ते उचललं. पोराचं नाव मोशे.

गोजरा खांबाला टेकून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मंग त्या मायला कळलं का, लेकरू वाचलं म्हणून?"

तुळजाबाई म्हणाल्या, राजकन्येनं दूध पाजायला दाई शोधली, ती नेमकी त्याची आईच निघाली. गोजरा पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. एवढं हसण्यासारखं काय होतं, मला काही कळलं नाही.

पौष वद्य ९

कालची गोष्ट डोक्यातून जात नाही.

मोशे मोठा झाला, पळून गेला, परमुलखात सासऱ्याची मेंढरं राखू लागला. एके दिवशी डोंगरापाशी त्याला एक झुडूप पेटलेलं दिसलं. जाळ आहे पण झुडूप जळत नाही. तो बघायला गेला तर झुडपातून देवानं हाक मारली, "मोशे, मोशे." दोनदा. आणि सांगितलं, पायातलं काढ, ही जागा पवित्र आहे. माझ्या लोकांचं रडणं मी ऐकलंय, जा आणि त्यांना सोडवून आण.

देवानं त्याला नावानं हाक मारली. मेंढरं राखणाऱ्या माणसाला. मी तुळजाबाईंना वाचलेलं तेवढंच पान पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, अशी हाक एकदा यावी. काही मिळू नये, काही घडू नये, नुसती हाक. मग मी उठून कुठंही जाईन.

गोजरानं आपली भलतीच शंका काढली. "किती वर्सांनी ऐकू आलं म्हणायचं देवाला?"

"चारशे," तुळजाबाई म्हणाल्या.

"लई येळ केला," गोजरा म्हणाली आणि माझं अंथरूण झटकायला लागली.

माघ शुद्ध ६. घरी

बैलांच्या दमणीतून दोन मुक्काम करत आलो. घनसावंगी सोडल्यावर गोदेकाठचा वारा लागला आणि बरं वाटलं. निघताना तुळजाबाईंनी मोशेचं तेवढंच पातळ पुस्तक दिलं. मी ते लुगड्यांच्या घडीत घालून आणलं, कारण ह्यांना असलं काही खपायचं नाही.

घरी आले तर लग्नाची बातमी. थोरल्या दिरांच्या लेकीचं बीडकडच्या चांगल्या घरात ठरलंय, वैशाखात तिथी. आंदणात झुंबर द्यायची, हे ह्यांनीच सुचवलं. झुंबर गोजराची लेक, अकराची आहे, चटपटीत आहे. मी म्हटलं, छान झालं, पोरीला मोठं घर मिळालं. गोजराच्या हातात माझ्या औषधाची वाटी होती. ती तिनं नीट खाली ठेवली.

झुंबरचा बाप म्हणजे बिरू धनगर. दर वर्षी शेतं मोकळी झाली की त्याचा कळप खतासाठी आमच्या रानात बसतो. बारा वर्षांमागं त्यानं गोजराला रीतसर मागणी घातली होती. सासूबाई म्हणाल्या, आंदणाची बाई कुठं लग्न करून जात असते होय? तो विषय तिथंच मिटला. बिरू मात्र दर वर्षी येतो, महिनाभर राहतो, पुन्हा गोदेपलीकडं जातो. झुंबरचे डोळे त्याच्यासारखे आहेत, हे गावाला ठाऊक आहे आणि गाव गप्प आहे.

संध्याकाळी वेणी घालताना गोजरा म्हणाली, "बाई, मालकास्नी बोला. मी हाय की कामाला, मरुस्तोवर हाय. पोरीला नका धाडू."

मी म्हटलं, बोलते उद्या.

माघ शुद्ध ७

ह्यांच्याकडं पाहुणे होते. उद्या.

माघ वद्य २

दुपारी ओसरीच्या कोपऱ्यात बसून पुस्तक वाचलं. फारो ऐकत नाही म्हणून देवानं एकेक संकट पाठवलं. नदीचं रक्त झालं, मग बेडूक आले. अंथरुणात बेडूक, चुलीत बेडूक, कणकेच्या परातीत बेडूक! फारो मोशेला म्हणाला, घालव हे. मोशे म्हणाला, कधी घालवू ते तूच सांग. तर हा शहाणा काय म्हणाला असेल? उद्या!

मी एकटीच मोठ्यानं हसले. परातीत बेडूक उड्या मारतायत आणि हा म्हणतो उद्या. अरे, आत्ता म्हण की! असा कसा माणूस असेल? गोजराला बोलावून वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "मोठ्या मान्सांचं असंच आस्तं."

झुंबरचं बोलायचं आजही राहिलं. ह्यांचं डोकं चढलं होतं. पाहू उद्या.

फाल्गुन शुद्ध ७

आज येड्यासारखं वागले. लिहू की नको असं झालंय, पण ही वही तरी कोण वाचतंय.

ज्वारीची काढणी बघायला म्हणून मळ्यात गेले होते. बांधावर पळस फुललाय. पान एक नाही, नुसता जाळ. दुपारची वेळ, माणसं जेवायला बसलेली. मनात आलं, अशाच कुठल्या झाडापाशी ती हाक आली असेल. मी चपला काढल्या आणि पळसासमोर उभी राहिले. डोळे मिटले. वारा आला, दोन फुलं पडली, पायाला मुंगी चावली. मी हलले नाही.

"बाई, काय करून राह्यल्या?" मागून गोजरा.

"गप्प बस. ऐकतेय."

"कुणाचं?"

मी डोळे मिटलेलेच ठेवले. ती म्हणाली, "पळस हाय त्यो. दर सालाला पेटतो, दर सालाला इझतो. पाय पोळतेत, चला."

पाय खरंच पोळले होते. घरी येऊन तिनं तळव्यांना तेल चोळलं. चोळता चोळता विचारलं, "काय ऐकायचं व्हतं तुमाला?" माझ्या तोंडून निघून गेलं, माझं नाव. तिचा हात थांबला. मग पुन्हा चोळू लागली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "झुंबरचं बोलला का मालकांना?"

मी म्हटलं, अगं, तळवे तरी थंड होऊ देशील का?

एवढी वाट पाहिली आणि एक शब्द ऐकू आला नाही. माझीच लायकी नसेल.

फाल्गुन वद्य ४

आज एकदाचं बोलले. जेवताना काढलं, भाकरी वाढत वाढत.

"अहो, झुंबरच्या जागी दुसरं कुणी नाही का देता येणार? गोजराचा जीव लागेना."

ह्यांनी घास थांबवला. "शब्द गेलाय माझा. आन् जीव लागायचं काय? तू आली तवा तुझ्या बापानं गोजराच्या मायला इचारलं व्हतं का?"

"तिची आई प्लेगात गेली होती."

"मंग झालं तर!" हे म्हणाले आणि ताक मागितलं.

मी ताक वाढलं. माणूस वाईट नाही. माझ्या दुखण्यात ह्यांनीच जालन्याला नेलं, बैल बदलून बदलून नेलं. पण एकदा मन घट्ट केलं की केलं. आणि त्यांचं म्हणणं तसं खोटंही नाही, शब्द गेल्यावर माघार कशी घेणार? गोजराला सांगितलं. ती बरं म्हणाली. मग कितीतरी वेळ मागच्या पडवीत उभी राहून नदीकडं बघत होती. तिथं आता बघण्यासारखं काय आहे? घोट्याएवढं पाणी आणि वाळू.

फाल्गुन वद्य ९

मला एक सुंदर गोष्ट सापडली!

पुस्तकात पुढं देवानं त्या लोकांना कायदे दिलेत. त्यात लिहिलंय की दास ठेवला तर त्यानं सहा वर्षं चाकरी करावी, सातव्या वर्षी मोकळं जावं. पण तो म्हणाला, माझं मालकावर प्रेम आहे, मला नाही जायचं, तर मालकानं त्याला दाराच्या चौकटीपाशी न्यावं आणि त्याचा कान टोचावा. मग तो जन्मभर त्या घरचा.

किती मायेचं आहे हे! आपल्याकडं कान टोचतात ते लहानपणी, आणि गोजराचे कुणी टोचलेच नाहीत. अनाथ पोरीचे कोण टोचणार? चोवीस वर्षं ती माझ्यासाठी राबली आणि तू माझी आहेस असं मी तिला कधी सांगितलं नाही. म्हणूनच ती हल्ली कोमेजली असणार. ठरवलं, पाडव्याला चौकटीपाशी तिचे कान टोचायचे. त्रिंबक सोनाराला माझ्या जुन्या पाटलीचा तुकडा दिला आणि दोन बाळ्या घडवायला सांगितल्या. सोनारानं कान टोचले की दुखत नाही म्हणतात.

तिला कायदा वाचून दाखवला. ती तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "सातव्या वर्सी सोडायचं? म्या येऊन किती झाली?"

"चोवीस."

तिनं बोटांवर पेरं मोजली. "तीनदा सुटून आल्ते मी, आन् मला ठावं न्हाई." ती हसली, मीही हसले.

मग तिनं विचारलं, "लेकराचं काय लिव्हलंय?"

मी पुढची ओळ वाचली. मालकानं बायको करून दिली असेल आणि तिला मुलं झाली असतील, तर बायको-मुलं मालकाची. दासानं एकट्यानं जावं.

गोजरानं लुगड्यावरची तूर झटकली. मग सूप उचलून म्हणाली, "म्हंजी तिथंबी."

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८५८. पाडवा

अक्षर कसंही येतंय.

सालगड्यांचं साल पाडव्याला उलटतं. दर वर्षीप्रमाणं सकाळी सगळे अंगणात जमले होते. कुणी राहतो म्हणाला, कुणी दुसरीकडं चाललो म्हणाला, सगळ्यांना सुपारी-पान झालं. गुढी उभारली होती, चौकटीला तोरण होतं. त्रिंबक सोनार सुई-बाळ्या घेऊन बसला होता. ह्यांनाही गंमत वाटत होती, म्हणाले, बायकोची हौस हाय.

मी गोजराला उंबऱ्यापाशी बसवलं. नवं लुगडं नेसली होती, मीच दिलेलं. त्रिंबकनं सुईला हळद लावली. तेवढ्यात गोजरानं कानावर हात ठेवला.

"बाई, आधी इचारायचं लिव्हलंय ना?"

सगळे हसले. मीही हसत म्हटलं, "बरं बाई, विचारते. गोजरा, तुला जायचंय की राहायचंय?"

"जायाचंय," ती म्हणाली.

कुणी हसेना. तिनं पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता, जशी मीठ संपलंय म्हणून सांगते तशी. "मला जायाचंय. झुंबरला घेऊन जायाचंय."

त्रिंबक सुई कापसात गुंडाळायला लागला. ह्यांचा चेहरा काळानिळा झाला. मला म्हणाले, "हे तुझ्या पुस्तकाचं. कुठाय ते?" मी आणून दिलं. ह्यांनी न्हाणीच्या चुलीत घातलं. झुडूप जळलं नाही म्हणे, पुस्तक मात्र लगेच जळालं. फाटकावरच्या कडूबाला ताकीद दिली, दोघी मायलेकींनी फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. झुंबरला वैशाखापर्यंत ठेवायचीच नाही, पुनवेला दिरांच्या घरी धाडून द्यायची.

चैत्र शुद्ध ३

मी गोजराशी बोलत नाही.

राग आलाय. लाज वाटते लिहायला, पण आलाय. चार लोकांत माझी शोभा केली. चोवीस वर्षं मी तिला शिळं वाढलं नाही, हात उगारला नाही, ताप आला तर माझी गोधडी दिली. जायचंच होतं तर मला एकटीला सांगायचं. आणि मला सोडून? माझं कोण आहे इथं?

ती रोजच्यासारखी वेणी घालते. मी आरशात तिच्याकडं बघत नाही.

चैत्र शुद्ध ८

बिरूचा कळप आला. रानात मेंढरं बसली आहेत, दिवसभर बें बें ऐकू येतं.

दुपारी झुंबर माझे पाय चेपायला आली. पोर घाबरलेली आहे, पण तोंड गप्प राहत नाही. म्हणाली, "बाई, ती राजाची गोष्ट सांगा, आई सांगते पर तिला अर्धीच ठावं हाय." पुस्तक तर गेलं, आठवेल तशी सांगितली. बेडूक, माशा, टोळ, अंधार. मिसरी घरांतले थोरले मुलगे मेले आणि चौकटीला कोकराचं रक्त लावलेली घरं तेवढी वाचली, ती रात्र. कणीक आंबायलाही वेळ नव्हता, तशाच भाकऱ्या बांधून सगळे निघाले. महिना त्यांचाही वर्षातला पहिलाच, चौदावी तिथी, असं तुळजाबाई म्हणाल्या होत्या. निघताना शेजारच्या मिसरी बायकांनी त्यांना सोन्याचे दागिने काढून दिले.

झुंबरनं विचारलं, "फारोला बायको न्हवती का?"

"असेल की."

"मंग ती काय करून राह्यली व्हती? तिनं त्याला काहीच न्हाई सांगितलं?"

मी खूप आठवून पाहिलं. त्याच्या लेकीचं आहे. दाईंचं आहे, मोशेच्या बहिणीचं आहे. बायकोची एक ओळ नाही. सगळी संकटं त्याच घरात आली, तीच परात तिचीही होती, आणि पुस्तकात ती कुठंच नाही.

मी झुंबरला म्हटलं, जा आता, पुरे झालं चेपणं.

चैत्र शुद्ध १०

गेले दोन दिवस जेवण जात नाही. ह्यांनी विचारलं, पोट दुखतं का? मी हो म्हटलं.

वेणी घालताना आज आरशात बघितलं. गोजराचे कानशिलावरचे केस पांढरे झालेत. कधी झाले? मी तिला म्हटलं, "गोजरा, बिरूनं मागणी घातली तेव्हा तुला जायचं होतं का?"

ती म्हणाली, "तवा कुणी इचारलं न्हाई."

मी तेव्हा तिथंच बसले होते, सासूबाईंच्या शेजारी. सुपारी कातरत होते. तेवीस वर्षांची घोडी झाले होते, काही लहान नव्हते.

चैत्र शुद्ध १३

हे उद्या सकाळी तहसिलीच्या कामाला घनसावंगीला जाणार, परवा पुनवेला परत. आले की झुंबरला दमणीत घालायची.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले तर गोजरा भाकऱ्या थापत होती. मळ्यात सध्या माणसं दोनच, आणि टोपलीत भाकऱ्यांची चळत. मी दारात उभी राहिले. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

मी म्हटलं, "उलट ती. करपेल."

तिनं उलटली. मी कोठीतून शेंगदाण्याची चटणी काढून टोपलीशेजारी ठेवली आणि आले.

चैत्र शुद्ध १४

जसं घडलं तसं लिहिते.

हे उजाडता गेले. मी बाळ्यांची पुडी काढली आणि भाकऱ्यांच्या फडक्यात, अगदी खाली ठेवून गाठ मारली. त्या मिसरी बायकांनी दिले होतेच की. वर पाच हळकुंडं, खण, हिरव्या बांगड्या ठेवल्या. गोजरा आणि झुंबर फाटकाशी गेल्या. कडूबानं काठी आडवी धरली. तोही गरीब, त्याला नोकरी आहे.

मी मागून गेले. आजवर फाटकापाशी उभी राहून मी गड्याशी बोलले नव्हते.

"कडूबा, जाऊ दे त्यांना. नदीवर आसरांचा नैवेद्य आहे. दवाखान्यात बोलले होते मी."

"बाई, मालकांनी—"

"मालक मला विचारतील. तुला नाही. आसरांचा नवस अडवतोस का?"

पाण्यातल्या आसरांना कोण अडवणार? त्यानं काठी बाजूला घेतली. गोजरानं माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. मीही काही बोलायला हवं होतं, पण कडूबा ऐकत होता. मी एवढंच म्हटलं, "जल्दी जा. ऊन चढतंय." झुंबरनं माझ्या पायाला हात लावला. मग त्या गेल्या. रानातलं बें बें नदीच्या बाजूला सरकायला लागलं.

मी घरात आले. ताक घुसळायला बसले, घुसळता येईना. वेणी सकाळपासून घातलेली नव्हती. अंगणात गेले, परत आले. एकदम वाटलं, त्या खरंच जाताहेत आणि मी नीट बघितलंसुद्धा नाही. तशीच उठले. मागच्या दारानं पळत सुटले, डोक्यावर पदर आहे की नाही ह्याचंही भान नव्हतं. पाटलीणबाई पळतेय म्हणून कुणी बघितलं असेल तर बघितलं.

काठावर पोचले तेव्हा कळप पलीकडं चढत होता. पाणी घोट्याएवढंच, मोशेपुढं समुद्र दुभंगला तसं इथं काही दुभंगावं लागलं नाही. पुढं बिरू, त्याच्यामागं झुंबर, कडेवर मेंढीचं पिल्लू. गोजरा शेवटी, डोक्यावर गाठोडं. मधल्या वाळूत ती थांबली आणि वळली. मी दिसले असणार.

तिनं तोंडाला हात लावून हाक मारली.

"गोपे! ए गोपे!"

दोनदा. मी गोपिका. तीर्थपुरीच्या वाड्यामागं, चिंचेखाली, आम्ही दोघी खेळायचो तेव्हाची हाक. सासरी निघताना गाडीत बसल्यावर आईनं तिला सांगितलं होतं, आता हिला नावानं हाक मारायची नाही. तिनं चोवीस वर्षं मारली नव्हती.

मी ओ दिली. किती मोठ्यानं दिली ते मला माहीत नाही. पलीकडच्या मेंढरांनीही मान वर केली. तिनं ऐकलं, कारण तिनं हात हलवला. मग ती पाण्यात उतरली आणि पलीकडं गेली. कळपाची धूळ दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. तिच्यामागं जावं असं फार वाटलं. पाय पुढं पडला नाही.

चैत्र पौर्णिमा

हे दुपारी आले. कडूबानं सांगितलं असणारच. मला विचारलं, "कुणी सोडलं?"

"मी."

"कुणाला इचारून?"

"कुणालाच नाही."

ह्यांनी माझ्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं. मग दोन माणसं घोड्यावर नदीपलीकडं धाडली. ती संध्याकाळी हात हलवत आली. पलीकडं दहा कळप, दहा वाटा. ह्यांनी मला माहेरी धाडायची धमकी दिली. माहेरी आहे कोण? तेव्हा इथंच राहणार, जे बोलतील ते ऐकणार. पुढं काय करतील सांगता येत नाही. भीती वाटते.

पण लिहायला बसले ते हे सांगायला नव्हे. दवाखान्यात असताना मी ह्या वहीत लिहिलं होतं की मला एकदा देवाची हाक यावी. ती काही आली नाही. पळसापाशी आली नाही, घरात आली नाही, आता पुस्तकही नाही. मी ती आशा सोडली. गोजराची हाक तेवढी कानात आहे.

आज वेणी मीच घातली, तिरकी आली. तळवे फार चुरचुरतायत, दोन फोड आलेत. काल पळताना चपला घालायच्या राहून गेल्या आणि चैत्राच्या वाळूत मी अनवाणी उभी होते, तेव्हा कळलंसुद्धा नाही. तेल लावायला हवं. सगळी फडताळं शोधली. गोजरा तेल कुठं ठेवायची, मला माहीत नाही.